नाखव्यांचा बेड आणि ट्रकचे चार बोल्ट

बाबी ट्रकच्या मागे उभा राहून पत्र्यावर हात मारत होता. एक थाप म्हणजे ये, दोन थापा म्हणजे थांब. भास्कर आरशात फारसं पाहत नव्हता, कानांनीच मागे येत होता. मुलुंड पश्चिमेच्या त्या गल्लीत दोन्ही बाजूंना स्कूटर लावलेल्या होत्या, आणि पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीत एक आजोबा आम्ही काय मोडतो ते पाहायला उभे होते. दोन थापा आल्या. ट्रक थांबला. आजोबा आत गेले.

एका खानावळीची टेबलं उतरवायची होती. भास्करने सीटच्या मागच्या हुकावरून नटबोल्टची एक पुडी काढून बाबीकडे दिली. बाबीने टेबलं उलटी करून पाय जोडले, सुलटी करून हलवून पाहिली. खानावळीच्या मालकाने चहा पाजला. मुलुंडचं काम संपलं.

या ब्लॉगवर एरवी गड आणि घाट असतात. मागच्या महिन्यात भास्कर माझ्याकडे पुस्तकांचं कपाट घेऊन आला होता. इथून पुढे कुठे, असं विचारल्यावर त्याने घाटकोपर, पवई, अंधेरी, बोरिवली अशी नावं सलग घेतली. मी मुलुंडची. या सगळ्या ठिकाणी मी कितीदा तरी गेलेली आहे, पण एकामागून एक, एका दिवसात, उंच सीटवर बसून कधीच नाही. मी येऊ का, असं विचारलं. ट्रकच्या मालकाला विचारतो, म्हणाला. मालक हो म्हणाला.

कुणाला असा प्रवास करायचा असेल तर मालकाची परवानगी लागतेच, आणि केबिनमध्ये तिसऱ्या माणसाची रीतसर सीट असावी लागते. सकाळ-संध्याकाळ गर्दीच्या वेळी शहरात मोठ्या गाड्यांना बंदी असते. भास्कर भिवंडीच्या गोदामातून पहाटे निघतो, बंदीच्या आधी टोलनाका ओलांडून मुलुंडला गाडी बाजूला लावतो, बंदी उठेपर्यंत झोपतो. मग संध्याकाळच्या बंदीपर्यंतचा वेळ त्याचा. तुम्ही मुलुंडलाच चढा. पाणी कमी प्या. बाईमाणसासाठी वाटेत पेट्रोलपंपाशिवाय सोय नाही, आणि पंपावरच्या किल्ल्या नेहमी कुठेतरी गेलेल्या असतात.

भास्कर मूळचा वाशीमकडचा, राहायला विक्रोळीला. चाळिशीचा, बोलणं कमी. बाबी मालवणजवळच्या एका गावचा, त्याच्याहून वयाने बराच मोठा. माल चढवणं-उतरवणं आणि जोडून देणं हे त्याचं काम, आणि बोलणंही बहुतेक त्याच्याकडेच. समोरच्या काचेपाशी भास्करची बुद्धाची लहान मूर्ती आहे आणि शेजारी बाबीचा गणपती. बाबी म्हणतो, आपल्या गाडीला दोन ड्रायव्हर, आणि भास्कर क्लीनर.

सीटच्या मागच्या त्या हुकाबद्दल सांगायला हवं. गोदामात प्रत्येक मालाच्या नटबोल्टची पुडी चिकटपट्टीने मालालाच लावतात. वाटेत ती सुटते आणि हरवते. म्हणून निघताना भास्कर सगळ्या पुड्या काढून हुकावर अडकवतो. जो माल आधी उतरायचा त्याची पुडी सगळ्यांत पुढे. पुड्यांवर काही लिहिलेलं नसतं. बाबी प्रत्येक ठिकाणी पुढची पुडी घेतो. मुलुंडची गेल्यावर हुकावर तीन राहिल्या होत्या: घाटकोपरची, अंधेरीतल्या वर्सोव्याची, बोरिवलीची.

आम्ही निघायच्या तयारीत असताना भास्करचा फोन वाजला. मी उचलला. त्याचा नियम आहे, सीटवर बसला की फोनवर बोलायचं नाही, आणि आज तिसरं माणूस होतंच.

"कुठवर आलाव?" पलीकडून एक बाई म्हणाली.

त्या हिराबाई. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या, तिथल्याच बाजारात मासे विकतात. त्यांचे यजमान नाखवा, म्हणजे स्वतःच्या बोटीचे मालक. धक्क्यावर पाय घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं होतं. घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावलं होतं की माणसाला खाली जमिनीवर ठेवायचं नाही, उंच बेडच हवा. घरात सगळे जमिनीवर झोपणारे. म्हणून हिराबाईंनी पेशंटचा बेड भाड्याने घेतला होता. तो आमच्या ट्रकमध्ये होता. नाखवा संध्याकाळी येणार असं ठरलेलं होतं. आता दवाखान्याने दुपारीच न्यायला सांगितलं होतं.

मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत राहू द्या म्हणावं. हिराबाई म्हणाल्या, दवाखाना ठेवेल एकवेळ, हा माणूस राहायचा नाय. आल्यापासून डोळ्याला डोळा नाय. इथे दर्याचा आवाज नाय म्हणतो, झोप कशी येल.

मी भास्करला सगळं सांगितलं. त्याने थोडा वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून विचार केला. मग म्हणाला, आधी वर्सोवा करू, घाटकोपर परत येताना. वळून त्याने हुकावरच्या पुड्या काढल्या, बेडची पुढे घेतली, घाटकोपरची तिच्या मागे लावली, आणि गाडी सुरू केली.

भांडुप गेलं. ट्रकच्या सीटवरून दुकानांच्या पाट्यांच्या वरचं जग दिसतं: पत्र्यांवरचे टायर, वाळत घातलेली ब्लँकेटं, खिडकीत अभ्यास करणारी मुलगी. गांधीनगरच्या सिग्नलला उजवीकडे वळलं की पवईवरून जोगेश्वरी, तिथून वर्सोवा. भास्करने उजवा इंडिकेटर दिला. तेव्हा बाबी बोलला.

"बेड रॅकांच्या मागे आसा. रॅक खय उतरवतलंस? कोळणींच्या पाट्यांर?"

भास्करने कपाळावर हात मारला. माल उलट्या क्रमाने भरतात. शेवटी उतरायचा तो आधी आत जातो. घाटकोपरचे रॅक उतरल्याशिवाय बेड बाहेर निघणारच नव्हता. त्याने इंडिकेटर बंद केला. ट्रक सरळ घाटकोपरकडे गेला.

तिथे एका कोचिंग क्लाससाठी लोखंडी रॅक होते. दुसरा मजला, जिना अरुंद. एरवी बाबी रॅक जोडून देतो. आज त्याने क्लासच्या शिपायाला विनंती केली की तुम्हीच जोडून घ्या, पेशंट खोळंबलाय. शिपाई भला माणूस, हो म्हणाला. बाबीने केबिनचं दार उघडून हुकावरची पुढची पुडी घेतली, त्याच्या हातात दिली, आणि आम्ही निघालो. मी हे पाहिलं. भास्करनेही पाहिलं असेल.

घाटकोपर ते अंधेरी हा रस्ता मेट्रोच्या खालून जातो. वर गाडी दर काही मिनिटांनी सरकते, खाली आपण तिथेच असतो. असल्फा, साकीनाका, मरोळ. साकीनाक्याला इतका वेळ उभे होतो की बाबी खाली उतरला, वडापाव बांधून आणले, आणि चालत येऊन चढला. वीस रुपयांचा वडा, चटणी झणझणीत. भास्करने स्वतःचा डबा उघडला नाही. त्याने मला विचारलं, त्या नाखव्यांचं वय काय असेल. मला माहीत नव्हतं. त्याचे वडील खाटेवरच गेले, असं त्याने पुढे सांगितलं. गावी पेशंटचा बेड कुठून आणणार. सुतळीची खाट होती, मधे खोल गेलेली. त्यांना वर ओढून घ्यावं लागायचं.

हिराबाईंचे आणखी दोन फोन आले. नाखव्यांना ॲम्ब्युलन्समध्ये घेतलं. मुलगा बरोबर आहे. मी दर वेळी "आलोच" म्हणत होते. अंधेरीच्या पुलावर उभं राहून "आलोच" म्हणताना फार खोटं वाटतं.

कोळीवाड्यात ट्रक जात नाही. गल्लीच्या तोंडाशी मासळीबाजाराच्या मागे थोडी मोकळी जागा आहे, तिथे भास्करने तो लावला. हिराबाई तिथेच उभ्या होत्या. बाजारातून तशाच उठून आलेल्या, हातांना बर्फाचं पाणी. त्यांनी आमच्याकडे न पाहता आधी बेडकडे पाहिलं. मग शेजारणींना हाका मारल्या. कुणी सायकल उचलली, कुणी बर्फाची पेटी आत ओढली, दोघींनी वाळत घातलेल्या बोंबलांची दोरी हाताने वर धरली आणि खालून बेडचा सांगाडा गेला. गादी माझ्या डोक्यावर होती. मागून कुणीतरी म्हणालं, ही कोण गं नवीन? हिराबाई म्हणाल्या, ट्रकवाली हाय.

घर एका खोलीचं, पुढे ओटा. खिडकीतून खाडीचा वास येतो. बाबीने सांगाडा मांडला, डोक्याकडची आणि पायाकडची चौकट टेकवून धरली आणि हात पुढे केला. भास्करने पुडी तळहातावर रिकामी केली.

शेंगदाण्याएवढे बारीक बोल्ट. रॅकचे.

भास्करने एक चौकटीच्या भोकात घातला, तो पलीकडून खाली पडला.

"बघून द्यायची ना रे," भास्कर म्हणाला.

"हुकार फुडे कोणी लावलली?" बाबी म्हणाला. "वीस वर्सां मी फुडचीच घेतंय. आज तू बदललंस नि परत लावूक नाय."

भास्करने मान हलवली. ते खरं होतं.

मी म्हटलं, मेट्रोने घाटकोपरला जाऊन पुडी घेऊन येते. स्टेशनपर्यंत रिक्षा, तिथून सरळ गाडी. जाऊन-येऊन तास-दीड तास. हिराबाईंनी फोन पुढे केला. मुलगा म्हणत होता, लिंक रोडला लागलो, दहा मिनिटांत येतो.

बाबी नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानाकडे पळाला. दुपारच्या जेवणासाठी शटर खाली, मालक फोन उचलेना. एका शेजाऱ्याने बोटीच्या इंजिनाच्या बोल्टांनी भरलेला डबा आणून जमिनीवर ओतला. आम्ही सगळे गुडघ्यांवर बसून शोधत होतो. काही जाड, काही आखूड, काही गंजून नटासकट एक झालेले. चार सारखे मिळेनात. हिराबाई शोधत नव्हत्या. त्या जमिनीवरच्या चटईकडे पाहत होत्या.

"खाली ठेवला नि काय झालं तर," त्या म्हणाल्या. एवढंच.

भास्कर उठून बाहेर गेला. बराच वेळ आला नाही म्हणून मी मागे गेले. तो ट्रकच्या पाठीमागे उकिडवा बसला होता. मागची खाली पडणारी फळी, तिला हे लोक फाळका म्हणतात, ती बिजागऱ्यांना बोल्टांनी जोडलेली असते. त्याच्या हातात सतरा नंबरचा पाना होता. बेडच्या बोल्टांना तोच लागतो. त्याने एका बोल्टला तो लावून पाहिला. बसला. फिरवला. फिरला नाही.

तेवढ्यात ॲम्ब्युलन्स आली आणि ट्रकच्या मागे उभी राहिली. गल्लीचं तोंड आम्ही अडवलेलं. तिचा ड्रायव्हर, तरुण माणूस, हॉर्नवर हात ठेवून होता. मी त्याच्या खिडकीपाशी जाऊन सांगितलं की तुमच्याच पेशंटचा बेड जोडायचा आहे, आणि आम्ही तो ट्रकच्या बोल्टांनी जोडतोय. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मग इंजिन चालूच ठेवून उतरला, सीटखालून पक्कड आणि गंज सोडवायचं तेल काढलं आणि भास्करच्या समोर जाऊन बसला. आतून नट धरला. काय यार, म्हणाला, माझ्या गाडीचे मागितले असतेस तर सरकारी पाना लागला असता, नि तो अर्जाशिवाय मिळत नाही. भास्कर हसला. त्या दिवसात पहिल्यांदा.

पहिला बोल्ट सुटायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. ॲम्ब्युलन्सचं मागचं दार मुलाने थोडं उघडलं होतं. आतून म्हाताऱ्या माणसाचा जाड आवाज आला.

"काय तोडतात रे?"

"ट्रक," मुलगा म्हणाला.

"माझ्यासाठी?"

"होय, बाबा."

नाखवा म्हणाले, "तोडू दे मग."

चार बोल्ट निघाले. फाळका बाबीने आणि शेजाऱ्यांनी धरून आत ट्रकमध्ये आडवा ठेवला. भास्कर गल्लीतून पळत गेला. भोकात बोल्ट बसले, फक्त लांब होते. आवळल्यावर बोटभर टोक पलीकडे बाहेर. त्यावर पाय घासला तर कातडी जाईल, हे सगळ्यांना एकदमच दिसलं. हिराबाईंनी कोनाड्यातून जाळं विणायच्या दोऱ्याचं रीळ घेतलं आणि एकेका टोकावर तो गुंडाळायला बसल्या. बोटं इतकी झपाझप चालत होती की मला गाठ कळली नाही. भास्करने बेडवर स्वतः बसून पाहिलं. मग बाबीला बसवलं. मग दोघंही बसले. मग उठून त्याने चादर नीट केली.

नाखव्यांना स्ट्रेचरवरून आणलं, उचलून बेडवर ठेवलं. लांब, हडकुळा माणूस, दाढी वाढलेली. वेदनेने त्यांनी डोळे मिटले होते. उघडल्यावर आधी छताकडे पाहिलं, मग चौकटीवरच्या दोऱ्याकडे.

"गाठ सैल हाय," ते म्हणाले.

"पायाला लागत नाय ना? मग गप पड," हिराबाई म्हणाल्या, आणि वळून चुलीकडे गेल्या. मला त्यांचा चेहरा दिसला नाही. पाठ दिसत होती, आणि ती हलत होती.

जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. ॲम्ब्युलन्सवाल्याला पुढचा फोन आला होता, त्याला चार तळलेले बोंबील कागदात बांधून दिले. आम्ही ओट्यावर बसलो. भात आणि कालवण. बाबी दोनदा वाढून घेऊन म्हणाला की चव बरी आहे, पण ह्यात तिरफळां नाय. हिराबाई म्हणाल्या, तुमच्याकडे मासा शिळा असतो म्हणून तिरफळं लागतात. बाबी तिसऱ्यांदा भात घेत होता. भास्करने आपला डबाही उघडला, ठेचा आणि भाकरी मधे ठेवली. ठेचा आतून नाखव्यांनी मागवला. डॉक्टरांनी तिखट चालेल का ते सांगितलं नव्हतं, म्हणून कुणी विचारलं नाही.

फाळका नसलेला ट्रक चालवायचा म्हणजे आतला माल दोराने आवळावा लागतो. दोर हिराबाईंनीच दिला, बोटीचा. त्यानंतर बोरिवली राहिली होती, एका शाळेची बाकं. जोगेश्वरीपुढे हवालदाराने गाडी बाजूला घेतली. मागून फोटो काढला, दंड लावला. बाबी समजावू लागला तर भास्करने त्याला थांबवलं. फाळका नाही हे खरंच आहे, म्हणाला. मालक तो दंड त्याच्याकडूनच घेईल, हे मला बाबीने नंतर सांगितलं.

बोरिवलीला बाकं उतरली, आणि हार्डवेअरच्या एका उघड्या दुकानात चार नवे बोल्ट मिळाले. फाळका जागेवर बसला. तोवर संध्याकाळची बंदी सुरू झाली होती. ती उठेपर्यंत आम्ही शाळेच्या कुंपणाशी गाडी लावून बसलो. बाबी झोपला. भास्कर झोपला नाही. तो मधेच म्हणाला, ताई, ते बोल्ट बेडचे नाहीत. जाडी तीच आहे, पण आटे गंजलेले आहेत. माणूस रात्री कुशीवर वळेल, बायको आधाराला टेकेल. आणि थोड्या वेळाने, उद्या माझं लोडिंग कल्याणचं आहे. मी म्हटलं, मी जाते.

घोडबंदरचा रस्ता तुम्ही या प्रवासात जागेपणी करा. डावीकडे काळी खाडी, उजवीकडे जंगल, मधे फक्त ट्रक. ठाण्याच्या नाक्यावर मी उतरले आणि रिक्षाने मुलुंडला घरी आले. माझा दिवसाचा खर्च वडापाव, चहा आणि ती रिक्षा. हातपाय धुतले तरी गादीचा नव्या रेक्झिनचा वास केसांत राहिला होता. इतकी वर्षं मी लांबच्या जागांबद्दल लिहीत आले. आज घरापासून तासाभराच्या वर्तुळातच फिरून आले होते, आणि झोपताना डोक्यात एकच गोष्ट होती: वर्सोव्याच्या एका खोलीत चार बोल्ट धरून आहेत की नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घाटकोपरच्या क्लासमध्ये रॅकची पुडी दिली, बेडची घेतली आणि मेट्रोने वर्सोव्याला गेले. हिराबाई बाजारात गेल्या नव्हत्या, ओट्यावर बसून जाळं दुरुस्त करत होत्या. मला पाहून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. आत नाखवा झोपले होते, तोंड उघडं, एक हात बेडबाहेर. रात्रभर, त्या हळूच म्हणाल्या. बेड जागेवर होता. त्यांना उठवून बोल्ट बदलणं शक्य नव्हतं. पुडी मी हिराबाईंकडे दिली आणि मुलगा आल्यावर सतराचा पाना कसा लावायचा ते सांगितलं. गल्लीबाहेर येऊन भास्करला फोन केला. तो गोदामात माल भरत होता. झोपलेत, मी म्हटलं. बरं, तो म्हणाला, आणि फोन ठेवला.